बीटी८७८ चिपवालं जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड: लग्नाच्या कॅसेटी उतरवायला अजूनही एक नंबर

२००० नंतरच्या चार-पाच वर्षांत ज्यांनी असेंबल्ड पीसी घेतला त्यांना आठवत असेल, मॅच बघायला लोक पीसीत टीव्ही ट्यूनर कार्ड टाकून घ्यायचे, पिक्सेलव्ह्यूचं प्लेटीव्ही प्रो वगैरे. अशा बऱ्याच कार्डांवर चिप एकच असायची, ब्रूकट्रीची बीटी८७८, नंतर तीच कोनेक्झंटच्या नावाने यायला लागली. टीव्ही बघायला आता त्याचा काडीचा उपयोग नाही पण त्यावर पिवळं व्हिडिओ सॉकेट आणि एस-व्हिडिओ आहे ना, मी त्यासाठीच घेतलं, घरातल्या व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला. त्यामुळे हा रिव्ह्यू तेवढ्याच कामापुरता.

पुण्यात तापकीर गल्लीत जुन्या मालात मिळालं, किरकोळ पैशात. दुकानदार म्हणाला नेटवर्कचं कार्ड असेल, बघा चालतंय का 😄 ओळखायची खूण सोपी आहे, अँटेनाची वायर लावायचा पत्र्याचा डबा असतो आणि मधल्या चौकोनी चिपवर ८७८ छापलेलं असतं. ८४८ असलं तरी चित्र येतं, फक्त आवाज घ्यायचा भाग त्या चिपमध्ये नाहीये, पण तसंही आवाज साउंड कार्डच्या लाइन-इनमध्येच द्यायचा असतो म्हणून काही बिघडत नाही.

आता सगळे विचारतात की कॅसेट उतरवायचं यूएसबीचं डोंगल का नाही. होतं ना, नाव घेत नाही, त्यात उजेड जरा बदलला की चित्र आपोआप कमीजास्त व्हायचं आणि हाताने काही सेट करायची सोयच नाही. या कार्डाची खरी मजा तिथेच आहे. आपल्या लग्नाच्या कॅसेटी म्हणजे काय, व्हिडिओवाल्याने तो हॅलोजनचा फोकस नवरीच्या तोंडावर मारलेला असतो, मंगलाष्टकं चालू झाली की अंतरपाट म्हणजे नुसता पांढरा ठप्पा, मागे कोण उभंय कळत नाही. व्हर्च्युअलडब या फुकटच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चरच्या (टेप कॉम्प्युटरवर घ्यायच्या) आधी हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात काळं-पांढरं किती आहे त्याचा आलेख, चालू करायचा आणि पांढरा भाग उजव्या टोकाला आपटायचा थांबेपर्यंत कॉन्ट्रास्ट खाली आणायचा. आमच्या काकाच्या लग्नात तेवढ्यानेच भटजींच्या धोतराच्या निऱ्या दिसायला लागल्या आणि मागे अक्षता घेऊन उभा असलेला एक माणूस सापडला जो अजून कुणाला ओळखता आलेला नाही. कॉम्प्युटरवर घेतानाच पांढरं कापलं गेलं की नंतर कितीही एडिटिंग करा, ते परत येत नाही.

सेटिंगचं सांगतो, कारण कार्डासोबतच्या सीडीतलं सॉफ्टवेअर हमखास ३५२ बाय २८८ वर घ्यायला लावतं आणि लोक म्हणतात कार्ड भंगार आहे. आपल्याकडच्या पॅल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), म्हणजे ५०. २८८ ओळी घेतल्या की एक फील्ड सरळ कचऱ्यात, वरातीतला नाच अडखळत दिसतो. ७२० बाय ५७६ च घ्यायचं, व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० ओळींचा असला तरीही. डीइंटरलेस (फील्डांपासून पूर्ण फ्रेम बनवणं) कॅप्चर करताना करू नका, मूळ फाइल तशीच ठेवा आणि नंतर आरामात ५० फ्रेमचं बनवा. कॉम्प्रेशन न करता घेतलं तर तासाला ७५ जीबीच्या आसपास जागा जाते, हफवायूव्ही नावाचं कॉम्प्रेशन लावलं की साधारण निम्मी, आणि एक रेघही खराब होत नाही. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या नाहीतर फॅट३२ वर ४ जीबीला फाइल अडकते.

पॅलच काय एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) पण घेतं हे कार्ड. मावशीने न्यू जर्सीहून पाठवलेली बारशाची कॅसेट एनटीएससी होती, व्हीसीआर ती चालवणारा हवा एवढंच, बाकी सेटिंग बदललं, ४८० ओळी टाकल्या की झालं.

आता रडगाणं. एक तर पीसीआय स्लॉट (कार्ड बसवायची जुनी खाच), जो नव्या मदरबोर्डवर नसतो, म्हणून माळ्यावरचा पेंटियम ४ खाली काढावा लागला. एक्सपीवर झकास चालतं, विंडोज १० ६४ बिटवर ड्रायव्हरच्या नादी लागू नका, त्यापेक्षा लिनक्स टाका, बीटीटीव्ही ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्येच असतो. दुसरं, व्हिडिओचं घड्याळ कार्डावर आणि आवाजाचं साउंड कार्डावर, दोघांचं पटत नाही आणि तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटी गुरुजींचे ओठ आधी हलतात, मंत्र मागाहून येतो. व्हर्च्युअलडबमध्ये आवाज व्हिडिओशी जुळवायचा पर्याय आहे तो चालू ठेवला की प्रश्न मिटतो. तिसरं आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे यात टाइम बेस करेक्टर (टेपच्या हलत्या ओळी सरळ करणारा भाग) नाही, टेप ढिली असेल तर चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा फडफडतो. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये व्हीसीआर हॅक नावाचं एक सेटिंग खास असल्या टेपांसाठी दिलेलं आहे, त्याने बरंच सावरतं पण पूर्ण नाही, फारच वाईट टेप असेल तर मधे एखादा डीव्हीडी रेकॉर्डर लावून त्यातून सिग्नल पास करतात लोक, काही मॉडेलं त्यात चित्र सरळ करून देतात.

एकच कॅसेट असेल तर या फंदात पडू नका राव, दुकानात द्या, फक्त देताना विचारा की ५७६ ओळींची फाइल देणार का, डीव्हीडी नको म्हणावं. पेटीभर कॅसेटी असतील तर मात्र हे कार्ड घ्याच, आणि आधी व्हीसीआर शोधा कारण फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये बनवायचे बंद केल्यापासून नवा मिळतच नाही. आणि कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती साफ केल्याशिवाय आत घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तीच बुरशी लागते.