राशीनुसार दिवाळी हॅम्पर मागवले, कोणाला चालतील कोणाला नाही ते सांगते

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असाल तर इथूनच परत फिरा. बॉक्स दिसायला मस्त, आतला माल बरा, राशीचं काम अर्धवट, आणि सासूबाईंची रास मकर किंवा कुंभ असेल तर त्यांच्यासाठी अजिबात मागवू नका. दुकानाचं नाव देत नाही, दसऱ्यापासून ज्यांच्या इन्स्टावर रील येत होत्या त्यांना कळेलच कुठलं ते.

तर २०२५ च्या दिवाळीत घरच्या सगळ्यांना तेच ते काजूकतलीचे बॉक्स द्यायचा मला कंटाळा आला होता आणि यांची जाहिरात बरोब्बर तेव्हाच समोर आली, की धनत्रयोदशीला १८ ऑक्टोबरला गुरू कर्केत येतोय, उच्चीचा म्हणजे सगळ्यात बलवान होतोय, तर प्रत्येकाला त्याच्या राशीचं गिफ्ट द्या वगैरे. गुरू खरंच त्या दिवशी आला होता हां, ते खोटं नाही. पण गुरू उच्चीचा झाला म्हणून मी १४९९ चा बॉक्स का घ्यायचा हे काही रीलमध्ये नव्हतं. तरी घेतले, कारण फोटो भारी होते.

फॉर्ममध्ये जन्मतारीख, वेळ, गाव विचारतात. वेळ माहीत नसेल तर रिकामी सोडा म्हणतात, आणि गंमत इथेच आहे, वेळ सोडली की साइट गुपचूप इंग्रजी पेपरातली सूर्यरास लावून मोकळी होते. माझा भाऊ २५ मार्चचा, पत्रिकेत मकर रास, त्याला आलं मेषेचं कार्ड, "तू अग्नितत्त्वाचा योद्धा आहेस". योद्धा बँकेत क्लार्क आहे आणि झुरळाला घाबरतो. बरं आपल्या पंचांगाने २५ मार्चला सूर्यसुद्धा मेषेत नसतो, मीनेत असतो, मेषेत यायला १४ एप्रिलच्या आसपासची तारीख उजाडते, म्हणजे चंद्र पण नाही आणि सूर्य पण नाही. आपल्याकडे रास विचारली की माणूस चंद्ररास, म्हणजे जन्मावेळी चंद्र ज्या राशीत होता ती, सांगतो हे पुण्यात बसून धंदा करणाऱ्याला माहीत नसावं का? आणि चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे बऱ्याच वेळा नुसत्या तारखेवरूनही रास निघते, कोणीतरी दाते पंचांग उघडायचे कष्ट घेतले पाहिजेत फक्त.

दुसरा ऑप्शन नावरास, म्हणजे नावाच्या पहिल्या अक्षरावरून काढलेली रास. आमच्या आत्याचं माहेरचं नाव म वरून आणि लग्नात बदललेलं स वरून, आता टाका काय टाकायचं ते. म टाकलं तर सिंह, तांब्याचा लोटा आणि गुळाच्या वड्या. स टाकलं तर कुंभ, निळी शाल आणि तिळाचे लाडू. सिंहेचा स्वामी रवी, कुंभेचा शनी, म्हणजे एकाच बाईला रवी पण आणि शनी पण, बापलेक ते, त्यांचं आपसात जमत नाही. मी लोटा पाठवला, लोट्याला कोण नाही म्हणतं.

आता मुख्य किस्सा. सासूबाईंची जन्मवेळ माहीत होती म्हणून रास बरोबर आली, कुंभ, मकरेसारखीच शनीची रास. मार्च २०२५ ला शनी मीनेत गेल्यापासून त्यांची साडेसाती शेवटच्या टप्प्यात आहे, आणि त्यासाठी यांचा "साडेसाती स्पेशल" बॉक्स. काळ्या तिळाचे लाडू, तिळाचं तेल, उडदाचे पापड, छोटी बिडाची कढई, काळ्या काठाची निळी शाल. दिसायला एक नंबर, कढई तर मलाच ठेवून घ्यावीशी वाटली. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, झाकण उघडलं, एकेक वस्तू बाहेर काढून ओळीत मांडली आणि म्हणाल्या, "अगं, हे शनीचं दान आहे. मला दान देतेस होय?"

आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं! तीळ, उडीद, तेल, लोखंड, काळंनिळं कापड ही शनीच्या दानाची यादी आहे. मसूर, गूळ, लाल कापड मंगळाची, चणाडाळ आणि हळद गुरूची, हिरवे मूग बुधाचे, तांदूळ आणि चांदी चंद्राची. या वस्तू ज्याला त्रास आहे त्याने दुसऱ्याला द्यायच्या असतात. म्हणजे आईंनी कोणालातरी द्यायच्या, मी आईंना नाही. यांनी ती अख्खी यादी उचलली, रिबन बांधली आणि उलट्या दिशेने विकायला काढली. साडेसाती ज्याला चालू आहे त्याच्याच दारात तेल आणि लोखंड, तेही डिलिव्हरी शनिवारी! आमच्याकडे शनिवारी या दोन गोष्टी विकतसुद्धा आणत नाहीत. आईंनी शेवटी माझ्या हातावर रुपया ठेवला, कढई "विकत" घेतली, बाकीचं शनीच्या देवळाबाहेर देऊन टाकलं. म्हणजे उपाय झाला म्हणा, खर्च माझा.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, ४९९ जास्त भरले की ज्योतिषी फोन करतात. मला वाटलं होतं अंगठी गळ्यात मारतील. पण गुरुजी बरे निघाले, म्हणाले रत्न गिफ्ट देऊच नका, पत्रिका न बघता नीलम तर नाहीच, देणार असाल तर रंगापुरतं बघा, मीन-धनूला पिवळा, वृषभ-तूळला पांढरा, आणि मग विचारलं की नणंदेला मुळात आवडतं काय. मी म्हटलं झाडं. तर म्हणाले मग झाड द्या ना, बॉक्स कशाला. दुकानाने हा माणूस कसा काय ठेवलाय देव जाणे.

मालाबद्दल. सुकामेवा सगळ्या राशींना सारखाच, बदाम चांगले, मनुका चिकट. मीनेच्या बॉक्समधलं "पुष्कराज" ब्रेसलेट साधी पिवळी काच आहे, आणि कर्केचा मोती नखाने खरवडला की रंग निघतो. मेणबत्त्यांना वास छान. पॅकिंगला पैकीच्या पैकी.

कस्टमर केअरला भावाच्या राशीबद्दल मेसेज केला तर उत्तर आलं, "मॅम, दोन्ही पद्धती बरोबर आहेत." कार्ड बदलून मागितलं, ते तुळशीच्या लग्नानंतर आलं, तोपर्यंत भावाने योद्ध्याचं कार्ड ऑफिसात टेबलावर लावूनसुद्धा झालं होतं, आणि आता काढायला तयार नाहीये.

घ्यायचेच असतील तर रवी, शुक्र, चंद्राच्या राशींचे, म्हणजे सिंह, वृषभ-तूळ आणि कर्केचे घ्या, त्यात तांबं, पांढरी शाल, चांदीचा छोटा दिवा असं कोणालाही चालेलसं येतं. जन्मवेळ नक्की टाका. पत्ता टाकताना डिलिव्हरीचा वार पण निवडता येतो, तो ऑप्शन अगदी खाली बारीक अक्षरात आहे, तेवढा बघून घ्या. मी पाचपैकी अडीच देईन, त्यातले दीड गुरुजींचे.