शेंगेन व्हिसावरचा ‘एन्ट्री’चा रकाना: अँडोरासाठी दोन व्हिसा वापरून झाल्यावरचा अनुभव

ऑक्टोबर २०२४. बार्सिलोनात मुलाच्या स्वयंपाकघरात रात्री साडेदहाला मी दुसऱ्या दिवशीच्या अँडोराच्या बससाठी दशम्या बांधत होते. तेवढ्यात त्याच्या ऑफिसमधल्या मित्राचा फोन आला आणि बोलता बोलता त्याने विचारलं, “आईबाबांचा व्हिसा मल्टिपल आहे ना?” मुलाने पासपोर्ट उघडला. स्टिकरवर ‘नुमेरो दे एन्त्रादास’ असा रकाना असतो, म्हणजे प्रवेशांची संख्या. त्यात आमच्या दोघांच्याही पासपोर्टवर ‘०१’ होतं. व्हिसा हातात आल्यापासून मी तारखा, नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर सगळं चारचारदा ताडून पाहिलं होतं. हा रकाना मात्र एकदाही वाचला नव्हता.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अँडोरा हा स्पेन आणि फ्रान्स यांच्यामधल्या डोंगरांतला चिमुकला देश. तो पर्यटकाकडे स्वतःचा व्हिसा मागत नाही, ९० दिवसांपर्यंत राहू देतो. ‘अँडोराला व्हिसा लागत नाही’ हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ते म्हणूनच. पण त्या देशाला विमानतळ नाही, रेल्वे नाही. आत जायला रस्ता एक तर स्पेनमधून, नाही तर फ्रान्समधून. ते दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या आणि एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. तेव्हा शेंगेन व्हिसा हवाच. आणि अँडोरा शेंगेनमध्ये नसल्यामुळे सीमा ओलांडली की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता. परत येणं हा दुसरा प्रवेश. ‘०१’वाल्याचा एकमेव प्रवेश विमानतळावर उतरतानाच संपलेला असतो. अशा माणसाने अँडोरात पाऊल टाकलं की घरी परतण्याचा कायदेशीर रस्ताच उरत नाही.

मुलाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. त्याच्याकडे स्पेनचं रहिवासी कार्ड आहे. तो आधी दोनदा जाऊन आला होता, त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. हॉटेल त्यानेच घेतलं होतं, दोन रात्रींचे १६४ युरो, पैसे परत न मिळणाऱ्या दरात. बसची तिकिटं वेगळी. सगळं पाण्यात गेलं. पैशांपेक्षा मला ह्यांचा चेहरा बघवेना. ह्यांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. १२७८ च्या करारापासून उर्जेलचा बिशप आणि फ्रान्सच्या बाजूचा सत्ताधीश (तेव्हा फ्वाचा काउंट, आज राष्ट्राध्यक्ष) असे दोन संयुक्त राजे असलेला देश, क्षेत्रफळ ४६८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान, हे ते दरवर्षी मुलांना रंगवून सांगायचे. त्या देशापासून तीन तासांच्या अंतरावर येऊन माणूस सोफ्यावर गप्प बसून राहिला. सकाळी ती बस आमच्याशिवाय गेली.

डोंबिवलीला परतल्यावर मी एजंटकडे गेले. त्याने माणशी साडेतीन हजार घेतले होते. अँडोराचं हॉटेल बुकिंग मी स्वतः त्याच्या हातात दिलं होतं, आणि तरीही अर्जात ‘किती प्रवेश हवेत’ या प्रश्नापुढे त्याने ‘एक’वर खूण केली होती. तो म्हणाला, “मॅडम, फर्स्ट टाइमला सिंगलच मागायचं असतं, मल्टिपल मागितलं की रिजेक्ट होतं.” मी त्याच्या टेबलाशी तासभर उभी राहिले, एक रुपया परत मिळाला नाही. त्या रात्री मी चिडून इथे जे लिहिलं होतं त्यात सगळा दोष त्याच्या माथी मारला होता. ते आता दुरुस्त करते. नंतर अर्जाची झेरॉक्स काढून बघितली तर त्या खुणेच्या पानावर खाली माझी सही आहे, स्वच्छ, पूर्ण नावाची. तो निष्काळजी होताच, पण न वाचता सही मी केली. आणि त्याचं वाक्यही खोटं आहे. प्रवासाच्या आराखड्यात दोन प्रवेश स्पष्ट दिसत असतील, तर ते मागणं हा गुन्हा नाही. उलट आराखड्यात अँडोरा आणि अर्जात ‘एक’, हीच विसंगती आहे.

माझा खरा संताप पुढे आहे. व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे. ‘०१’ छापून आला तरी ९०, ‘०२’ आला तरी ९०, ‘मल्ट’ (MULT, म्हणजे मल्टिपल, कितीही वेळा प्रवेश) आला तरी ९०. दोघांचे मिळून १८० युरो आणि वर व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क, हे सगळं आम्ही भरलं आणि त्या पैशात मिळू शकणारी सगळ्यात तोकडी वस्तू घेऊन आलो. भाजीवाल्याकडे एका भावात पाव किलो आणि दोन किलो मिळत असताना कोणी पाव किलो मागून घेईल का? आम्ही तेच केलं.

दुसरा अर्ज मी स्वतः भरला, मार्च २०२५ मध्ये. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे आमचे पुन्हा घेतले नाहीत. बँक स्टेटमेंट, आयटीआर, पेन्शनचे कागद हे सगळ्यांना माहीतच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मी जोर लावला तो कव्हर लेटरवर. एक पानच, पण त्यात तारखांचा तक्ता: अमुक तारखेला बार्सिलोनात आगमन (पहिला प्रवेश), अमुक तारखेला बसने अँडोरा (शेंगेनबाहेर), दोन रात्रींनी परत स्पेन (दुसरा प्रवेश), मग भारत. शेजारी बसची तिकिटं आणि अँडोरातल्या हॉटेलचं बुकिंग, या वेळी रद्द करता येणारं. आणि ‘मल्टिपल’पुढे माझ्या हाताने खूण. ज्या शेंगेन देशात जास्त दिवस राहणार, अर्ज त्याच्याकडे. अँडोराचे दिवस त्यात धरायचे नाहीत.

सतराव्या दिवशी पासपोर्ट आले. पाकीट मी रिक्षातच फोडलं. ‘मल्ट’. मुदत सहा महिने, मुक्काम ३० दिवस. घरी आल्यावर ह्यांनी भिंग घेऊन ती चार अक्षरं वाचली आणि पासपोर्ट देवासमोर ठेवला.

मे महिन्यात आम्ही गेलो. बार्सिलोनाहून निघालेली बस ला सेउ हे स्पेनमधलं सीमेजवळचं गाव सोडते आणि थोड्याच वेळात दरी अरुंद होत जाते, डाव्या-उजव्या हाताला कडे, आणि पुढे नाक्याचं छत दिसतं. आत जाताना कोणी काही बघितलं नाही. बस जेमतेम मंदावली. शिक्का नाही, प्रश्न नाही. ‘उगाच घाबरवता, तिथे कोणी बघत नाही’ असं लिहिणारे लोक याच अनुभवावर लिहितात. मलाही क्षणभर वाटलं की ऑक्टोबरमध्ये गेलो असतो तरी चाललं असतं.

दोन रात्रींनी परतताना त्याच नाक्यावर बस बाजूला घेतली. दोन गणवेशधारी चढले. अँडोरात कर कमी, सर्वसाधारण विक्रीकर साडेचार टक्के, त्यामुळे सिगारेटी, दारू, अत्तरं भरून नेणारे खूप, आणि तपासणी मुख्यतः त्यासाठी असते. एकाने वरच्या फळीवरच्या बॅगा उघडायला लावल्या. दुसरा पासपोर्ट बघत मागे येत होता. युरोपियन लोकांची ओळखपत्रं तो नुसती नजरेने पुढे सारत होता. आमचे निळे पासपोर्ट त्याने हातात घेतले, पानं उलटून स्टिकरवर आला, आणि त्याचा अंगठा सरकत बरोबर त्या रकान्यावर येऊन थांबला. नावावर नाही, फोटोवर नाही, तारखेवरही नाही. ‘मल्ट’ वाचलं, “ग्रासियास” म्हणाला आणि पासपोर्ट परत दिला. माझ्या पोटात गोळा आला होता तो बस सुटल्यावरही बराच वेळ गेला नाही. ऑक्टोबरमध्ये तो अंगठा ‘०१’वर थांबला असता, आणि साठी ओलांडलेल्या ह्यांना घेऊन मी त्या दरीत काय केलं असतं?

म्हणून ज्यांना कोणी विचारलं नाही त्यांनी कृपा करून दुसऱ्यांना ‘बिनधास्त जा’ असं सांगू नका. बारा बसपैकी अकरा तशाच सुटत असतील. बारावीत कोणाची तरी आई बसलेली असते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने संगणकी नोंद सुरू झाली आहे, चेहरा आणि ठशांसकट. अशा काळात नियम मोडलेल्या व्हिसाची नोंद मागे लागणं म्हणजे पुढच्या प्रत्येक अर्जाला अडथळा.

मेमधून आल्यावर मी ओळखीतल्या चार जणांना सांगितलं होतं की अँडोरासाठी ‘०२’ पुरे, ‘मल्ट’चा हट्ट कशाला. तेही आता मागे घेते. त्याच सहलीत दहाव्या दिवशी डोंबिवलीहून फोन आला, सासूबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. मिळेल त्या विमानाने आम्ही परतलो. ‘०२’ असता तर दोन्ही प्रवेश तोवर वापरून झाले होते, उरलेले वीस दिवस कागदावरच राहिले असते. ‘मल्ट’ होता म्हणून सासूबाई काठी घेऊन हिंडू लागल्यावर सप्टेंबरमध्ये त्याच स्टिकरवर पुन्हा गेलो. विमानाचं भाडं पडलंच, पण व्हिसाचा दुसरा खर्च, नवी अपॉइंटमेंट, नवी कागदपत्रं, काही नाही. या खेपेला विमानतळावरचा अधिकारी स्टिकर बघून शिक्का मारून मोकळा झाला. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपले पैसे वसूल झाले.

सप्टेंबर निवडला तो ह्यांच्यासाठी. ८ सप्टेंबर हा अँडोराचा राष्ट्रीय दिवस, मेरिचेलच्या देवीचा, म्हणजे येशूची आई मेरी हिचा. तिचं जुनं देऊळ १९७२ मध्ये याच सणाच्या रात्री जळालं, जुनी लाकडी मूर्तीही गेली, आणि मग रिकार्दो बोफिल या वास्तुकाराने शेजारी नवं उभारलं. पांढऱ्या कमानी, काळा दगड, मागे हिरवा डोंगर. लोक पहाटेपासून चालत येत होते, म्हाताऱ्या बायका हातात फुलं घेऊन. ह्यांना तिथून हलवणं कठीण झालं. आदल्या दिवशी जुन्या संसदेचं घरही पाहिलं, १५८० मधलं, बाहेरून एखाद्या मोठ्या वाड्यासारखं.

परतताना फ्रान्सच्या बाजूने उतरलो. आँव्हालिराची खिंड २,४०० मीटरहून उंच आहे, सप्टेंबरातही वारा झोंबत होता. पलीकडे पास दे ला काझा, मग फ्रान्स, मग तुलूझ. त्या नाक्यावर आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तो आमचा चौथा प्रवेश.

इतर छोट्या देशांसाठी हा घोळ नाही, हे मुद्दाम सांगते, कारण माझं वाचून एकीने व्हॅटिकनसाठी मल्टिपल मागायचं ठरवलं होतं. व्हॅटिकन आणि सान मारिनोला इटलीतून जाताना सीमेवर तपासणी नसते, मोनाकोचं फ्रान्सबरोबर तसंच, आणि लिख्टेनश्टाइन तर २०११ पासून शेंगेनमध्येच आहे. तिथे ‘०१’ चालतो.

दोन खर्चाच्या गोष्टी. प्रवास विमा ३०,००० युरोंचा लागतो तो लागतोच, पण पॉलिसीत फक्त ‘शेंगेन देश’ असं लिहिलेलं असेल तर अँडोरात पाय मुरगळला तरी अडचण. आमच्या पहिल्या पॉलिसीत तसंच होतं. दुसऱ्यांदा अँडोराचं नाव असलेली घेतली, दोघांचे मिळून चारशे रुपये जास्त. दुसरी म्हणजे फोन. युरोपियन युनियनचं मोफत रोमिंग अँडोरात लागू होत नाही. नाक्याच्या आधीच मोबाइल डेटा बंद करा, हॉटेलचं वायफाय पुरतं.

आणि शिक्का न पडण्याचा एक त्रास उरतोच. अँडोरात काढलेले दिवस शेंगेनच्या मुक्कामात धरायचे नसतात, पण पासपोर्टवर त्यांची खूण नसते, तेव्हा पुरावा आपल्याकडेच हवा. आम्ही बसची तिकिटं, हॉटेलचं बिल, जेवणाच्या पावत्या सगळ्या एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. मेमधल्या पावत्या सप्टेंबरपर्यंत पुसट झाल्या होत्या, तारीख वाचता येईना. आता हातात पडल्या की त्याच संध्याकाळी मी त्यांचा फोटो काढते आणि घरी आल्यावर झेरॉक्स करून ठेवते.