व्हायरसटोटल: इशारा खरा की खोटा, हे पाहण्यासाठी
अँटिव्हायरसने एखाद्या छोट्या डेव्हलपरचं टूल अडवलं, तर ते चालवण्याआधी किंवा डिलीट करण्याआधी व्हायरसटोटलवर तपासावं. २०१२ पासून गूगलकडे असलेली ही मोफत सेवा ७० च्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांचे निकाल एकत्र दाखवते. नुसता आकडा पाहू नका, नावं वाचा. दोन-तीन अनोळखी इंजिनांनीच ‘जेनेरिक’ (ठरावीक व्हायरसचं नाव न घेता ढोबळ संशय) म्हटलं असेल, तर बहुधा खोटा इशारा. पायइन्स्टॉलर (पायथन प्रोग्रॅमची चालवता येणारी फाइल बनवणारं साधन) किंवा यूपीएक्सने (फाइल आकसवणारं साधन) बांधलेल्या फाइल वारंवार अडकतात, कारण मालवेअरवालेही तीच साधनं वापरतात. डेव्हलपरची ओळख पटवणारी डिजिटल सही नसेल, तर प्रत्येक नव्या आवृत्तीचा हॅश (फाइलवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा कोड) बदलून विश्वास पुन्हा शून्यावर येतो. छोट्यांवर हा अन्यायच. उणीव मोठी आहे: चुकीचा शिक्का व्हायरसटोटल पुसत नाही, डेव्हलपरला त्या-त्या अँटिव्हायरस कंपनीकडे फाइल पाठवावी लागते. खासगी फाइल चढवू नका, ती इतरांपर्यंत पोचते. आधी फाइलचा एसएचए-२५६ (हॅशचा एक प्रकार) काढून तो व्हायरसटोटलवर शोधा.