मराठी नावांच्या फाइली आणि एन्क्रिप्टेड होम: दहा महिन्यांनंतर

वेंगुर्ल्यात वकिली करतो. वाटपाचे दावे जास्त, त्यामुळे लॅपटॉपवर लोकांचे सातबारे, फेरफार, मृत्युपत्रं. हाच लॅपटॉप एसटीने सावंतवाडीला जातो-येतो. तो हरवला तर पक्षकारांच्या घरातल्या गोष्टी कुणाच्याही हाती लागतील, म्हणून होम डिरेक्टरी, म्हणजे माझ्या सगळ्या फाइलींचं फोल्डर, एन्क्रिप्ट केली: पासवर्डशिवाय कुणाला वाचता येऊ नये अशी.

सुरुवातीला ईक्रिप्टएफएस हे लिनक्सवरचं एन्क्रिप्शनचं साधन घेतलं. उबुंटू या लिनक्स प्रणालीने १८.०४ या आवृत्तीपासून इन्स्टॉलरमधला तो पर्याय काढला आहे, पण पॅकेज मिळतं. पहिल्याच दिवशी फाइली कॉपी होईनात: नाव फार लांब. उलगडा व्हायला दोन रात्री गेल्या. ईक्रिप्टएफएस फाइलचं नावही एन्क्रिप्ट करतं, त्यात ते फुगतं आणि मूळ नावाला १४३ बाइटच उरतात. इंग्रजीला तेवढे पुरतात. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची नेहमीची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात; काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. नुसतं 'वेंगुर्ले' २७ बाइट खातं. त्यापुढे सर्व्हे नंबर, हिस्सा आणि पक्षकाराचं पूर्ण नाव कुठे बसणार? नावं इंग्रजीत करायला मन तयार होईना. कारकुनाला ती वाचता आली पाहिजेत.

मग एक्स्ट४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर एफएसक्रिप्ट हे दुसरं साधन लावलं. इथे नेहमीची २५५ बाइटची मर्यादा तशीच राहते. फोल्डर रिकामं असावं लागतं, म्हणून नवं करून सगळं त्यात कॉपी केलं. लॉगिनच्या पासवर्डनेच ते उघडतं, वेगळं काही करावं लागत नाही आणि वेगातला फरक मला जाणवलेला नाही.

फेब्रुवारीत मात्र घाम फुटला. पासवर्ड विसरलो, रूटवरून (प्रशासकाच्या खात्यावरून) नवा दिला आणि लॉगिन झालं तरी फाइली बंदच. रूटला पासवर्ड बदलता येतो, पण जुन्या पासवर्डात बांधलेली, फाइली उघडणारी किल्ली सोडवता येत नाही. सुरुवातीलाच दुसरी पासफ्रेज (लांब पासवर्ड) जोडून कागदावर लिहून कपाटात ठेवली होती, तिनेच फाइली परत मिळाल्या. हे पहिल्याच दिवशी करा, कृपया.

कुलूप बंद असताना नावं आणि मजकूर दिसत नाही, पण फाइली किती, केवढ्या, कधीच्या, हे दिसतं. सस्पेंडमध्ये किल्ली मेमरीतच राहते, म्हणून एसटीत चढण्याआधी मी लॅपटॉप पूर्ण बंद करतो. आणि उघड्या होमचा बॅकअप साध्या डिस्कवर घेतला तर तो उघडाच जातो. माझी बाहेरची डिस्क आता लक्सवर (अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करण्याची लिनक्सची पद्धत) आहे.