कॉक्लिअर इम्प्लांटचे नऊ महिने: डेसिबल बघा, पण आधी शब्द मोजा

पुण्यात कानाच्या मशीनचं दुकान शोधावं लागत नाही. "आता मशीनने भागणार नाही, इम्प्लांटसाठी तपासून घ्या" असं वेळेवर सांगणारा मात्र शोधावा लागतो. इम्प्लांट म्हणजे ऑपरेशनने आतल्या कानात बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून श्रवणमज्जातंतूला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र; बाहेर आवाज टिपणारा प्रोसेसर आणि डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉइल असते. नऊ महिने वापरल्यावरचं मत असं: प्रौढाने इम्प्लांट घ्यावं की नाही, हे उत्तम मशीन नीट बसवूनही किती शब्द कळतात त्यावर ठरवावं. ऑडिओग्राम, म्हणजे किती डेसिबलला ऐकू येतं त्याचा आलेख, ही फक्त सुरुवात.

तपासणीला कधी जायचं, यासाठी २०२० मध्ये अमेरिकेत मांडलेला ६०/६० चा नियम सोपा आहे. दोहोंतल्या बऱ्या कानाचा ऐकण्याचा तोटा सरासरी ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त आणि त्याच कानाला मशीनशिवाय एकेरी शब्द ६० टक्के किंवा त्याहून कमी कळतात, तर इम्प्लांट करणाऱ्या केंद्रात जावं. हा नियम तपासणीला पाठवण्याचा आहे, ऑपरेशन ठरवण्याचा नाही. ब्रिटनने २०१९ मध्ये आपली अट सैल केली. आता दोन्ही कानांत ५०० ते ४००० हर्ट्झमधल्या पाच ठरलेल्या सुरांपैकी किमान दोन सुरांना ८० डेसिबल किंवा जास्त तोटा आणि मशीन लावूनही शब्दांतले निम्म्याहून कमी ध्वनी ओळखता येणं, एवढं पुरतं. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने २०२२ मध्ये वाक्यचाचणीची मर्यादा ४० वरून ६० टक्क्यांवर नेली, म्हणजे मशीन लावून ६० टक्क्यांपर्यंत वाक्यं कळणाराही आता पात्र ठरतो. म्हणजे "ठार बहिरं झाल्याशिवाय इम्प्लांट नाही" ही समजूत आता जुनी झाली.

खरी गोम चाचणीत आहे. आधी मशीन तपासा. कानाच्या आत बारीक नळी ठेवून प्रत्यक्ष आवाज मोजणारी रिअल-इअर चाचणी न करता बसवलेलं मशीन बरेचदा कमी पडतं, आणि मग दोष कानाच्या माथी येतो. मशीनचा कानात बसणारा साचा सैल असेल तर शिट्टी वाजते, लोक आवाज कमी करतात आणि शब्द हरवतात. हे दुरुस्त करून महिना-दोन महिने रोज वापरल्यावरच आकड्यांना अर्थ आहे. मग साउंडप्रूफ खोलीत, स्पीकरमधून ६० डेसिबलला, ओठ न दाखवता चाचणी व्हावी: उजवा कान, डावा कान, दोन्ही मिळून, आणि शेवटी गोंगाटात.

शब्दयादी मराठीच मागा. घरात आयुष्यभर मराठी बोलणाऱ्या माणसाला इंग्रजी वाक्यं ऐकवून काढलेला आकडा कानाचा नसतो, भाषेचा असतो. दुसरं, २५ शब्दांच्या यादीत एक शब्द म्हणजे ४ टक्के. त्यामुळे ४४ आणि ५२ यांत फक्त दोन शब्दांचा फरक आहे. त्यावरून निर्णय फिरवू नये, दुसरी यादी घ्यावी. वाक्यांत संदर्भावरून अंदाज बांधता येतो म्हणून आकडा फुगतो. एकेरी शब्द जास्त प्रामाणिक.

घरचे म्हणतात, "समोर बसून बोललं की कळतं की त्यांना!" ते ओठवाचन. पाठमोरं उभं राहून स्वयंपाकघरातून हाक मारून बघा, फोनवर बोलून बघा.

वयाची वरची मर्यादा नाही. तब्येत भूल सोसणारी हवी. वयापेक्षा, कान किती वर्षं काहीच ऐकल्याविना पडून होता हे जास्त महत्त्वाचं. बोलायला शिकण्याआधीच ऐकू येणं गेलेल्या आणि कधी मशीन न वापरलेल्या प्रौढाला आवाजाची जाणीव होते, शब्द फार थोडे कळतात. हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावं. खालचे सूर ठीक आणि वरचे पार गेलेले असतील, तर सरासरी फसवी ठरते. असा माणूस ६०/६० मध्ये बसला नाही तरी तपासणीला पाठवावा.

एमआरआयमध्ये श्रवणमज्जातंतू दिसायला हवा, सीटीत कॉक्लिआ (आतल्या कानातली शंखासारखी नळी) मोकळी. मेंदूज्वरानंतर आत हाड धरू लागतं, तिथे "बघू पुढच्या वर्षी" चालत नाही. ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकोकलची लस घ्यावी. आणि त्या कानात उरलंसुरलं ऐकू येणं जाऊ शकतं, मग तिथे पुन्हा साधं मशीन नाही. हे कागदावर सही करताना नव्हे, आधी समजावं.

स्विच-ऑन, म्हणजे प्रोसेसर पहिल्यांदा चालू करणं, ऑपरेशननंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी होतो. पहिल्या दिवशी माणसं रोबोसारखी किंवा चिमणीसारखी वाटतात. त्यावरून कुणी निकाल लावू नये. कानात सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी असतात, त्यांचं काम इथे १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. त्यामुळे स्वर लवकर बसतात, पण 'पान, तान, कान' महिनोन्‌महिने गोंधळात टाकतात. संगीत तर नऊ महिन्यांनीही फिकंच. ताल कळतो, सूर निसटतो. नाट्यसंगीतासाठी कुणी हे घेत असेल तर थांबावं. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त दिसते, पण दिवसाला दहा तास घातलं तरच. प्रोसेसर तास नोंदवतो, मॅपिंगच्या (प्रत्येक इलेक्ट्रोडचा जोर जुळवण्याच्या) वेळी थाप पचत नाही. ज्याला सराव करवून घेणारं घरात कुणी नाही, त्याची सोय आधी लावावी. तोंडासमोर कागद धरून रोज पंधरा मिनिटं पेपर वाचून दाखवणं सर्वांत स्वस्त आणि उपयोगी.

मॅपिंगमध्ये गालाची शीर उडत असेल तर लगेच सांगा. चेहऱ्याच्या मज्जातंतूला झटका जातोय, तो इलेक्ट्रोड कमी करतात किंवा बंद करतात. कॉइलखाली कातडी लाल होत असेल तर चुंबक एक पायरी हलका मागा.

आता पुण्याचे प्रश्न. दुचाकीवर हेल्मेट घालताना कॉइल सरकते. कॉइलवर दाब न येणारं, आतून मोकळं हेल्मेट दुकानात लावून बघूनच घ्या. लक्ष्मी रोडवर किंवा पीएमपीत शब्द बुडतात, गोंगाटाचा प्रोग्रॅम लावूनही थोडेच वर येतात. विसर्जनाच्या ढोल-ताशात प्रोसेसर सगळाच आवाज दाबतो, शेजारचा काय बोलतोय ते जातं. पावसाळ्यात प्रोसेसर रोज रात्री सुकवणीच्या डबीत. डबीतल्या ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांचा रंग बदलला की गोळ्या बदला. डिस्पोजेबल झिंक-एअर सेलला हवा लागते, त्यामुळे रेनकोटच्या टोपीखाली घट्ट झाकलं की प्रोसेसर मधेच बंद पडतो आणि लोक बिघाड समजून सर्व्हिस सेंटर गाठतात.

खर्च लाखांत आहे. केंद्र सरकारच्या एडीआयपी या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेतून इम्प्लांट मिळतं ते लहान मुलांना. प्रौढाने ते गृहीत धरू नये. आतल्या भागाची वॉरंटी साधारण दहा वर्षांची, बाहेरच्या प्रोसेसरची त्याहून बरीच कमी. कोटेशन घेताना प्रोसेसर बदलण्याचा खर्च, बॅटरी, मायक्रोफोनचं कव्हर आणि कॉइलची वायर यांचे दर वेगळे लिहून घ्या. वायर सर्वांत आधी तुटते, तीही वाकते त्या टोकाशी. एक जास्तीची पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.