‘बघच एकदा’च्या भरवशावर आठ महिने

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या नाशिकमधल्या सिडकोतल्या घरात 43 इंची स्मार्ट टीव्ही आला. त्यावर काय बघायचं हे आठ महिने आम्ही लोकांना विचारून ठरवलं, अ‍ॅपला विचारून नाही. हा अनुभव टीव्हीचा कमी आणि त्या विचारण्याचा जास्त आहे.

आधी घरातली माणसं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. नवरा सातपूरला कारखान्यात, पाळीप्रमाणे कामाला. मुलगा अकरावीत. सासूबाई त्र्याहत्तरच्या; तरुणपणी गावात विजयानंद टॉकीजला जाऊन पिक्चर बघितलेल्या, त्यामुळे त्यांच्या लेखी पिक्चर म्हणजे मध्यंतर हवंच. अजूनही तासाभराने त्या ‘थांबव जरा’ म्हणतात आणि चहा टाकायला उठतात.

पहिल्या महिन्यात उत्साहाच्या भरात तीन अ‍ॅप घेतली, आणि बघितलं फार तर एक. रात्री साडेनऊला भांडी आवरून बसायचं, चौघांनी रिमोट फिरवायचा, पोस्टरं बघायची, कुणीतरी म्हणायचं ‘हे नको’, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी सासूबाई ‘बातम्या लावा’ म्हणून विषय संपवायच्या. डिसेंबरपासून नियम केला: एका वेळी एकच अ‍ॅप, महिना संपला की बंद. आणि लावायचं ते कुणीतरी नाव घेऊन सांगितलेलंच. मग एका जुन्या वहीत लिहायला लागलो. कोणी सांगितलं, कोणाबरोबर बघितलं, शेवटपर्यंत बघितलं का, आणि बघताना मोबाइल किती वेळा हातात घेतला. शेवटचा रकाना मुलाने काढलेला. चेष्टेत काढला, पण निघाला सगळ्यात कामाचा.

वहीत पहिली नोंद ‘गुल्लक’ची. सोनी लिव्हवर आहे. उत्तरेतल्या एका गावातलं मिश्रा कुटुंब, आणि गोष्ट सांगते घरातली मातीची गुल्लक, म्हणजे पैसे साठवायचा गल्ला. सासूबाईंनी पहिल्या भागात दोनदा विचारलं, ‘हा बोलतोय कोण?’ कळल्यावर म्हणाल्या, ‘मग बरोबर आहे, घरातलं सगळं तिलाच ठाऊक.’ लाइटबिल, शेजारणीचं डोकावणं, बापाचा पगार, भावांची भांडणं, एवढंच असतं त्यात. हे सुचवलं होतं माझ्या नणंदेने, ओझरहून. तिच्या घरातही सासू, दोन मुलं, एकच टीव्ही. मोबाइलच्या रकान्यात शून्य.

दुसरी शिफारस आमच्या ऑफिसातल्या एका पोराची. ‘मॅडम, घरच्यांबरोबर बघा, जबरदस्त आहे.’ नाव सांगत नाही, पण पाचव्या मिनिटाला जी शिवी आली ती ऐकून सासूबाईंनी जपाची माळ शोधायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, ‘तू कुणाबरोबर बघितलंस?’ तर म्हणाला, रूमवर, मित्रांबरोबर. त्याचं मत खोटं नव्हतं, त्याची खोली वेगळी होती. तेव्हापासून कुणी ‘भारी आहे’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न हाच: कुणाबरोबर बघितलं? दुसरा: एका बैठकीत की आठवडाभर? किती स्टार ते नंतर.

तसं 2021 च्या नियमांपासून प्रत्येक मालिकेवर यू, यू/ए 7+, 13+, 16+ किंवा ए असा वयाचा शिक्का असतो आणि खाली कारणही लिहिलेलं असतं. पण सुरुवातीला कोपऱ्यात तो चार सेकंद येतो तेव्हा आमच्याकडे कुणीतरी पाणी प्यायला उठलेलं असतं. आता आधी माहितीच्या पानावर जाऊन वाचते.

‘पंचायत’ तर सगळ्यांनीच सांगितली. चार वर्षं सांगत होते, आम्ही जानेवारीत बघितली. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, पहिला सीझन आला तेव्हाच बघायला हवी होती. फुलेरा गावच्या पंचायतीत नोकरीला आलेला सचिव, निवडून आलेली बाई आणि कारभार बघणारा तिचा नवरा. नीना गुप्ता आणि रघुवीर यादव नुसते बाजेवर बसून बोलले तरी बघत राहावं. पण मला मोलाचं वाटलं ते आमच्या एका खातेदार बाईंचं मत. त्यांचा नवरा दिंडोरीकडे ग्रामसेवक. त्या म्हणाल्या, ‘आमच्या ह्यांच्याकडे एका वेळी दोन-दोन गावं असतात. एकाच हापिसात राहायचं, तिथेच झोपायचं, एवढा निवांतपणा कुठे? पण सरपंचबाईंच्या नवऱ्याचं मात्र अगदी खरं दाखवलंय.’ अशी मतं कुठल्या अ‍ॅपवर मिळणार? पुढच्या सीझनांमध्ये राजकारण वाढत गेलं तसं मला ती कमी आवडली. नवऱ्याला उलट तेच जास्त आवडलं. वहीत दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी आहेत.

‘स्कॅम 1992’ला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि दोष माझा. भाग दहाच आहेत, पण मी दर दहा मिनिटांनी थांबवायचे. हर्षद मेहताची गोष्ट, 2020 ची, हंसल मेहतांनी केलेली. प्रतीक गांधी बोलायला लागला की घरात कुणी उठत नाही. पण मुलाला बीआर म्हणजे काय ते कळेना. मग त्याला वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. एका बँकेला काही दिवसांसाठी पैसे हवेत, ती सरकारी रोखे दुसऱ्या बँकेला विकते, ठरलेल्या दिवशी परत घेण्याच्या बोलीवर. रोखे प्रत्यक्ष द्यायच्या ऐवजी पावती लिहून देते: रोखे माझ्याकडे आहेत, तुला देणे लागते. ती पावती म्हणजे बीआर. आता दलालाने मध्ये राहून, मागे रोखेच नसलेली पावती एखाद्या लहान बँकेकडून लिहून घेतली तर? समोरची मोठी बँक पैसे मोकळे करते आणि ते शेअरबाजारात जातात. भाव चढते आहेत तोवर कुणालाच काही कळत नाही. मुलगा बघतच राहिला. म्हणाला, ‘म्हणजे नुसत्या चिठ्ठीवर?’ मी म्हटलं, बाळा, आमच्याकडे ऑडिटर आला की मी प्रत्येक ठेवपावतीचा नंबर का ताडून बघते ते आता कळलं? ही मालिका मला कुणीच ‘तुझ्यासाठी’ म्हणून सांगितली नव्हती. सांगायला हवी होती.

‘दिल्ली क्राइम’ मी एकटीने बघितली. 2012 च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणाचा तपास, पहिल्या सीझनच्या सात भागांत. गुन्हा दाखवत नाही, पोलिसांचे ते पाच-सहा दिवस दाखवते; झोप नाही, गाडीत डिझेल नाही, वरून फोन. शेफाली शाहचा चेहरा शेवटी शेवटी इतका थकतो की आपलेच डोळे जड होतात. 2020 मध्ये हिला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. सांगणारी मैत्रीण म्हणाली होती, ‘एकटी बघ, आणि रात्री नको.’ पहिलं ऐकलं, दुसरं नाही ऐकलं. तिसरा भाग संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. पहिल्या पाळीसाठी ह्यांना पहाटे पाचला उठवायचं होतं, तोवर जागीच होते.

आता मराठी. ‘मराठीत बघण्यासारखं काही नसतं’ हे आमच्या मुलाचं ठाम मत होतं. त्याला परेश मोकाशींचा ‘वाळवी’ दाखवला. खुनाचा बेत आणि तो कसा फसत जातो, एवढंच सांगते. याहून जास्त कुणी सांगायला लागलं तर कान झाकून घ्या. 2022 चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला आहे, पण त्यापेक्षा मोबाइलच्या रकान्यात मुलाच्या नावापुढे शून्य पडलं याचं मला कौतुक. मग त्याच दिग्दर्शकाचा 2009 चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावला. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, गेलेही नाशिकमध्येच, 1944 ला. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या स्मारकात आम्ही मुलाला लहानपणी घसरगुंडी खेळायला नेलंय, पण हा माणूस कॅमेऱ्यासाठी घरातलं सामान विकून बसला होता हे त्याला पडद्यावर कळलं. तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या आचाऱ्याला उभं केलं, तिथे सासूबाई इतक्या हसल्या की त्या दिवशी मध्यंतर विसरल्या.

‘कोर्ट’ मात्र घरात फसला. चैतन्य ताम्हाणेंचा, 2015 ला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. सांगणाऱ्याने ‘कोर्टातला पिक्चर’ एवढंच सांगितलं, त्यामुळे नवरा जोरदार उलटतपासणीची वाट बघत बसला. इथे कॅमेरा लांबून बघत बसतो, तारीख पडते, पुढची तारीख पडते. नवरा चाळिसाव्या मिनिटाला झोपला. मी पूर्ण बघितला. त्यातली सरकारी वकील, गीतांजली कुलकर्णी, म्हणजे आमची ‘गुल्लक’मधली आई! कोर्टात एका शाहिराला आत ठेवा म्हणून कलमं वाचते, मग लोकलने घरी येते, वाटेत पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. तिच्यावर धड रागावताही येत नाही. हा सुचवताना म्हणावं, ‘संथ आहे, ताजं डोकं असताना बघा.’ एवढं म्हटलं असतं तर नवऱ्याला मी रविवारी सकाळी, मिसळ खाऊन आल्यावर बसवला असता. (मिसळ खाऊनही झोप येतेच म्हणा.)

सासूबाईंबरोबर बघितलेला सगळ्यात वेगळा सिनेमा मल्याळम, ‘द ग्रेट इंडियन किचन’, 2021 चा. संवाद कमी, चिरणं, वाटणं, वाढणं, पुसणं, परत चिरणं. पुरुष चघळलेल्या शेवग्याच्या शेंगा टेबलावरच टाकून उठतात. सिंकखालचा पाइप गळतोय आणि ती रोज नवऱ्याला प्लंबरची आठवण करतेय. मला वाटलं सासूबाई नाराज होतील. अर्धा तास त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘आमच्या वाड्यात मोरी होती, पाइपच नव्हता. पण शेंगा मात्र अश्शाच टाकायचे.’ कोण टाकायचे ते मी विचारलं नाही.

काही तांत्रिक गोष्टी, ज्या टीव्ही घेताना कुणी सांगत नाही. संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की शेजारी जागे होतात, ही तक्रार आमच्याकडे दोन महिने होती. टीव्ही खराब म्हणून दुकानात जाणारच होते. मग कळलं की आवाजाच्या पर्यायांत 5.1, म्हणजे सहा स्पीकरसाठीचा आवाज, निवडलेलं होतं. ते काढून साधा स्टीरिओ केला तर बोलणं स्वच्छ आलं. नेटफ्लिक्सवर सबटायटल्सची अक्षरं खात्याच्या सेटिंगमध्ये ब्राउझरमधून मोठी करता येतात, आणि पुढचा भाग आपोआप सुरू होणं तिथूनच बंद करता येतं. हे दुसरं पहिल्या दिवशीच करा. मोबाइलच्या डेटावर बघणाऱ्यांसाठी: चांगल्या दर्जात तासाला 3 जीबीपर्यंत जातात, म्हणजे दिवसाचा दीड जीबीचा पॅक अर्ध्या तासात खलास. नवरा घरच्या वायफायवर उतरवून घेऊन जातो. मार्चमध्ये तेवढंच कामाला आलं, कारण आमच्या रस्त्यावर खोदाईत केबल तुटली आणि सहा दिवस घरात नेट नव्हतं.

आणि माझी स्वतःची फजिती, हिशेबनीस असून. एका अ‍ॅपवर 1 रुपयात चाचणी होती. घेतली. यूपीआय ऑटोपेला, म्हणजे पैसे आपोआप कापायला, होकार देताना रक्कम वाचली, मुदत वाचली नाही. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी कळवावं लागतं, तसा मेसेज आलाही, पण मार्चअखेर होती, फोनवर दिवसाला शंभर मेसेज. वर्षाचे 999 गेले. फोन केला तर आठ मिनिटं गाणं ऐकवलं आणि परतावा नाही म्हणाले. आता वर्गणी घेतली की त्याच रात्री यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मँडेट, म्हणजे तो होकार, रद्द करते. भरलेला महिना बहुतेक ठिकाणी पूर्ण वापरता येतो. ते 999 धरूनही आठ महिन्यांचा खर्च 2,700 च्या आत आहे. एकेक अ‍ॅप घेण्याचा तोटा एकच: सिनेमे जागा बदलतात. कंपनीने स्वतः केलेल्या मालिका बहुतेक तिथेच राहतात, हक्क घेऊन लावलेले सिनेमे मुदत संपली की जातात. दोन सिनेमे असे आमच्या हातून गेले.

सध्या वहीत 31 नोंदी आहेत. शेवटपर्यंत बघितलेल्या 19. नणंदेच्या सात शिफारशींपैकी सहा पार पडल्या, ऑफिसातल्या पोराच्या पाचपैकी एक. ती एक ‘वाळवी’, म्हणून त्याला अजून विचारते. अ‍ॅपने ‘तुमच्यासाठी’ म्हणून दाखवलेल्या चार लावून बघितल्या, चारही अर्ध्यावर. पण तो हिशेब थोडा अन्यायाचा आहे, कारण एकाच प्रोफाइलवर सासूबाई कीर्तन बघतात आणि मुलगा मारामारी, त्याने तरी काय सुचवावं.

परवा पहिल्यांदा सासूबाईंनी स्वतः वही मागून घेतली. त्यांना सोसायटीतल्या बाकावर शेजारच्या आजींनी काहीतरी सांगितलंय. नाव नीट आठवत नाही, ‘त्यात तो दाढीवाला आहे’ एवढंच. तीन संध्याकाळी आम्ही दाढीवाले शोधतोय. मोबाइलच्या रकान्यात त्यांनी आधीच शून्य घालून ठेवलंय.