वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: दोन मिनिटांचं विमान

दोन गावांची नावं टाकली की अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं असतात. त्यांचं गणित साधारण ठरलेलं: सरळ रेषेतलं अंतर घ्यायचं, ताशी 800 किमीने भागायचं, वर चढउताराचा अर्धा तास मिळवायचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत हे गणित साफ आपटतं. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांतलं हवाई अंतर जेमतेम 2.7 किमी. वेळापत्रकात 2 मिनिटं, प्रत्यक्ष हवेत दीडेक मिनिट. लोगनएअर या स्कॉटिश विमान कंपनीची ही सेवा 1967 पासून चालू आहे आणि नियमित उड्डाणांत जगातली सर्वांत छोटी म्हणून तिची नोंद आहे.

विक्रम 53 सेकंदांचा, वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांचा. आकडा थापेचा वाटतो, पण हिशेब जुळतो. इथलं छोटं विमान, ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, ताशी 240 किमीने गेलं तर 2.7 किमीला सुमारे 40 सेकंद लागतात. उरलेला वेळ वेग घ्यायला आणि कमी करायला. वाऱ्याची दिशा फिरली की हाच आकडा लांबतो.

विमान म्हणजे पंख असलेली वडाप म्हणा. वैमानिक एक, प्रवासी 8, पिस्टनची दोन इंजिनं, चाकं कायम खाली. मधून चालायला वाट नाही; बाहेरच्या दारातून थेट आपल्या रांगेत शिरायचं. वजनाचा तोल सांभाळायचा असल्यामुळे कुठे बसायचं ते कर्मचारी ठरवतात, खिडकीसाठी हुज्जत घालू नये. तशी गरजही नाही: पंख डोक्यावर असल्यामुळे खालचं सगळं दिसतं. वैमानिकाशेजारची जागा मिळाली तर नशीब. मोठी सुटकेस मात्र कर्कवॉलमध्येच, म्हणजे ऑर्कनीच्या मुख्य गावातच, ठेवून या.

फसगत होते ती तिकिटात. कर्कवॉलहून निघणारं प्रत्येक विमान दोन्ही बेटांवर उतरत नाही. काही थेट पापा वेस्ट्रेला जातात, मग जिच्यासाठी आलात ती उडीच हुकते. त्या दिवशीच्या फेरीत दोन्ही थांबे आहेत का, हे तारखेनिशी पाहूनच आरक्षण करावं. जागा 8 आणि त्यात शिक्षक, डॉक्टर, दवाखान्याला निघालेले बेटकरीही असतात, त्यामुळे उन्हाळ्यात ऐनवेळी मिळणं कठीण. धुकं उतरलं की सगळं ठप्प. परतीचं पुढचं विमान त्याच दिवशी ठेवू नका.

निव्वळ विक्रमासाठी जाऊन लगेच परतणं हे पैसे वाया घालवणं आहे. पापा वेस्ट्रेवर 2011 च्या जनगणनेत 90 माणसं होती, पण तिथेच नॅप ऑफ हॉवर आहे: इसवी सनपूर्व 3700 च्या सुमाराची, एकमेकांना जोडलेली दोन दगडी घरं. धावपट्टीपासून चालत जाता येतं. आत शिरताना वाकावं लागतं.

परत येताना माणसांपुरती छोटी बोट घेतली तर वेस्ट्रेला साधारण 25 मिनिटं लागतात, म्हणजे विमानाच्या वेळापत्रकातल्या वेळेच्या बारापट. पण ती वेस्ट्रेवरच्या पिअरोवॉलला लागते आणि कर्कवॉलला जाणारी मोठी बोट बेटाच्या दुसऱ्या टोकाहून, रॅपनेसहून सुटते. मधल्या बसची वेळ आधी जुळवा, नाहीतर 10 किमीहून जास्त पायपीट.